डिलिव्हरी नॉर्मल झाली तरी ब्लीडिंगचं इंजेक्शन कशाला?

घेऊ द्या हो, नॉर्मल झाली तरी घेऊ द्या. तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात बायकोची डिलिव्हरी आहे, डॉक्टर म्हणतात बाळ झाल्याबरोबर जास्त ब्लीडिंग होऊ नये म्हणून इंजेक्शन देणार आणि तुमच्या आई म्हणतात ब्लीडिंगच नाही तर सुई काहून. मी नागपुरात लेबर रूमला स्टाफ नर्स आहे, हे आम्हाला नेहमी विचारतात.

कोणाला ब्लीडिंग होईल ते आधी सांगताच येत नाही. जुळं असलं, कळा फार लांबल्या तर धोका जास्त, पण सगळं छान चाललेल्या बाईलाही अचानक सुरू होतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, गर्भाशयाची पिशवी आवळली तरच त्या दाबल्या जातात, आणि भरल्या दिवसांत पिशवीला मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त जात असतं, मग ती ढिली राहिली तर किती वेळ हातात राहतो तुम्हीच पहा.

म्हणून पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन 10 युनिट, बहुतेक मांडीत, बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात, तेही पोटात दुसरं बाळ नाही हे बघूनच. दोन-तीन मिनिटांत बेंबीखाली हात ठेवला की पिशवी नारळासारखी टणक लागते, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव येतो. बाळाला त्रास नाही, दूध लगेच पाजा, पाजल्यानेही पिशवी आवळते.

हे इंजेक्शन 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला जातो तेव्हा फ्रिज बंद पडला तर औषधाचा जोर कमी होतो, त्यामुळे फ्रिजचं विचारायला लाजू नका. ऑक्सिटोसिन नसेल तिथे मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या देतात, थंडी वाजते, ताप येतो, तो उतरतो. पण बाळ व्हायच्या आधी कळा वाढवायला म्हणून कोणी घरी सुई टोचत असेल किंवा ह्या गोळ्या देत असेल तर बिलकुल देऊ देऊ नका, पिशवी फाटू शकते. बायकोला बीपी असेल तर आधीच सांगा, मेथर्जिन हे पिशवी आवळायचं दुसरं औषध त्यांना चालत नाही.

आणि इंजेक्शन दिलं तरी पहिले काही तास कोणीतरी जवळ बसा. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, गाठी पडल्या, चक्कर आली किंवा अंग थंड पडलं तर सिस्टरला लगेच हाक मारा, राउंडची वाट पाहू नका. घरी आल्यावर असं झालं तर 108 ला फोन करा.