'आंतरपट्ट' भूकंप म्हणावं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या बाई विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी तक्ता करतायत. त्यांनी विचारलंय, 'इंट्रास्लॅब' भूकंपाला 'आंतरपट्ट भूकंप' लिहिलं तर चालेल का? आणि हा स्लॅब म्हणजे नक्की काय?

बाई, 'आंतरपट्ट' नका लिहू, अर्थ उलटा होतो. 'आंतर' म्हणजे दोहोंमधला. बेळगाव-कोल्हापूर एसटी आंतरराज्य, कारण ती वाटेत हद्द ओलांडते. एकाच्याच आतलं असेल तिथे 'अंतर्'. पोस्टातलं निळं अंतर्देशीय पत्र आठवा, ते देशाबाहेर जायचंच नाही. म्हणजे 'आंतरपट्ट' भूकंप होतो दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, एकमेकांवर घासतात तिथे. २०११चा जपानचा तसा होता. तुम्हाला हवाय एकाच पट्टाच्या पोटातला.

संधीच्या नियमाने 'अंतःपट्ट' होईल. पण लग्नातल्या अंतरपाटाला 'अंतःपट'ही म्हणतात, आणि तो धरतात नेमका दोघांच्या मध्ये! मुलं गोंधळणारच.

आता स्लॅब. आपल्याकडे स्लॅब घरावर पडतो. इथला स्लॅब म्हणजे समुद्रतळाचा थंड, जड भूपट्ट दुसऱ्याखाली शिरून पृथ्वीच्या पोटात तिरका उतरतो, तो उतरलेला भाग. 'बुडीत पट्टा' म्हणावं, तर आपल्या भागातले लोक विचारतील, हिडकल धरणाचा का? शिवाय 'पट्टा' आपल्याकडे उसाचा. म्हणून मी 'बुडता पट्ट' म्हणेन.

नुसतं 'पट्टांतर्गत' लिहूनही भागत नाही. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) हे भूकंपही पट्टांतर्गतच, भारतीय भूपट्टाच्या कडेपासून लांब झालेले. पण तिथे पट्ट कुठे बुडत नाही, आणि दोन्ही उथळ. बुडत्या पट्टातले बरेच खोल असतात. मेक्सिकोतला सप्टेंबर २०१७चा भूकंप साधारण ५० किलोमीटरवर झाला, तर रशियाच्या पूर्वेकडच्या ओखोत्स्क समुद्राखालचा २०१३चा ६०० किलोमीटरहून खोल. खरं कोडं इथेच आहे. एवढ्या दाबाखाली आणि उष्णतेत खडक तुटायला नको, हळूहळू वाकायला हवा. मग तो तडकतो कसा? मधल्या खोलीवरच्या भूकंपांबद्दल एक मत असं, की समुद्रतळावर असताना खनिजांत बांधलं गेलेलं पाणी पट्ट तापल्यावर सुटतं आणि खडक ठिसूळ होतो. फार खोलवर ऑलिव्हिन या खनिजाची रचनाच एकदम बदलते, त्यातून तडा जातो असं मानतात. वाद मिटलेला नाही. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ वादाती यांनी १९२८मध्ये खोल भूकंप दाखवून दिले, तेव्हापासून हे चाललंय.

तक्त्यावर सरळ 'बुडत्या पट्टातला भूकंप' लिहा. मराठीच्या '-तला'ने 'अंतर्' आणि 'आंतर'चं भांडणच संपतं. शेजारच्या कन्नड तक्त्यावरून मात्र उचलू नका. तिथे आपल्या 'आंतरराज्य'ला 'अंतरराज्य' लिहितात. कन्नडात ते बरोबरच आहे, आपल्याकडे पंचाईत होते.