इपॉक्सी की पीयू हे नंतर, आधी तो कोपरा बघा

शॉवरमागच्या जुन्या टाइल्स आणि त्यांच्या वरचं प्लॅस्टर, दोन्हींवर रेझिनचा कोट द्यायचाय, तर इपॉक्सी घ्यावं की पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन), असं तुम्ही विचारलंय. जाता जाता लिहिलंय, "एका कोपऱ्यात रंगाचे पोपडे येतात." खरी गोम तिथेच आहे.

शॉवरचं पाणी कोट अडवतो. पण ओल भिंतीच्या आतून येत असेल, तर ती कोटामागे अडकते आणि त्यालाच ढकलून काढते. मी स्वतः हात पोळून घेतलेत. चांगलं इपॉक्सी, दोन कोट, भिंत आरशासारखी. तीन महिन्यांत नाण्याएवढे फुगे आले. एक नखाने फोडला, तर आतून पाण्याचा थेंब ओघळला. रेझिन बिचारं निर्दोष होतं, मागे पाइपचा जॉइंट पाझरत होता.

म्हणून त्या कोपऱ्यातला सुटा रंग खरवडा, काही दिवस शॉवर बंद ठेवा, भिंत वरून कोरडी वाटली की हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. 24 तासांनी भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं, तर आधी प्लंबर, मग रंग.

भिंत कोरडी निघाली, तर टाइल्सना इपॉक्सी. पकड जबरदस्त असते, पण टाइल्सची चमक पूर्ण मरेपर्यंत पॉलिश पेपर मारलेला हवा आणि साबणाचा थर धुऊन निघालेला हवा. नव्वद टक्के लोक इथेच आळस करतात. खिडकीतून ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळं पडतं. तिथे वरचा कोट अ‍ॅलिफॅटिक पीयूचा, म्हणजे उन्हात पिवळं न पडणाऱ्या प्रकाराचा, द्या. प्लॅस्टरला केसासारख्या चिरा असतील तर मी पीयूच घेईन. इपॉक्सी वाळलं की ताठ होतं, चीर हलली की तेही तडकतं. पीयू थोडं ताणलं जातं. मात्र दोन घटकांचं पीयू दमट हवेत लावलं तर बारीक बुडबुडे धरतं आणि त्यातलं आयसोसायनेट नावाचं रसायन छातीला वाईट. खिडकी उघडी आणि योग्य फिल्टरचा मास्क, यात तडजोड नको.

फरशीचं सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सी भिंतीला लावू नका. पसरणं हाच त्याचा गुण, त्यामुळे सगळं ओघळून खाली येतं. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक, डब्यावर लिहिलंय तसाच मोजून घ्या. जास्त घातला की लवकर वाळतं हा गैरसमज आहे, उलट चिकट राहतं. एका वेळी थोडंच कालवा, बादलीत ढीगभर ठेवलं तर तापून तिथेच घट्ट होतं.

कोपऱ्यातलं जुनं सिलिकॉन आधी पूर्ण काढा, त्यावर काही धरत नाही. नवीन सिलिकॉन कोट वाळल्यावर. हाताला कोरडं लागलं तरी डब्यावर दिलेली मुदत संपेपर्यंत शॉवर नको, बहुतेकदा ती सात दिवसांची असते.

त्या कोपऱ्याच्या पलीकडे काय आहे, नळाची लाइन की बाहेरची भिंत, तेवढं सांगा.