शिकागोमध्ये दोन दिवस हाताशी असतील, तर अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या कोणत्या इमारती पाहाव्यात?

आपण पुण्याहून मुलीकडे शिकागोला येणार आहात, स्थापत्याचे शिक्षण झालेले नसले तरी राइट यांच्या कामाची ओढ आहे, आणि दोन दिवसांत सात-आठ इमारती व जमल्यास फॉलिंगवॉटर हे त्यांनी धबधब्यावर बांधलेले घरही पाहण्याचा बेत आहे, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. मी शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात राहतो आणि येणाऱ्या पाहुण्यांना या वास्तू दाखवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. त्या अनुभवावरून माझा सल्ला असा की यादीतील बहुतेक नावे खोडून टाकावीत, राइट यांचे स्वतःचे घर, युनिटी टेंपल हे चर्च आणि रॉबी हाउस हे घर या तीनच वास्तू निवडाव्यात आणि त्या तिन्ही आतून पाहाव्यात. राइट यांच्या इमारतींचे बाह्यरूप छायाचित्रांत पुष्कळसे सापडते. परंतु बुटक्या, अंधाऱ्या वाटेने आत नेऊन एकदम उंच व उजेडाच्या दालनात आणून सोडण्याची त्यांची जी रीत होती, ती स्वतः चालून गेल्याशिवाय कळत नाही.

पहिला दिवस पूर्णपणे ओक पार्क या शिकागोलगतच्या उपनगराला द्यावा. शहराच्या मध्यभागातून ग्रीन लाइनच्या गाडीने तेथे सहज जाता येते. सुरुवात राइट यांच्या स्वतःच्या घरापासून करावी. वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्याकडे नोकरीत असताना, त्यांच्याकडूनच ५,००० डॉलर कर्जाऊ घेऊन राइट यांनी १८८९ मध्ये हे घर बांधले. १८९८ मध्ये त्याला कार्यशाळा जोडली आणि १९०९ पर्यंत ते तेथेच राहिले. वरच्या मजल्यावरील मुलांच्या खेळघराकडे जाणारा बोळ मुद्दाम अरुंद आणि कमी उंचीचा ठेवलेला आहे, आणि तो संपताच डोक्यावर कमानदार छत उघडते. मार्गदर्शक या वेळी कुटुंबाच्या गोष्टी सांगत असतात. त्यांची क्षमा मागून छताकडेच पाहावे, कारण पुढे दिसणाऱ्या सगळ्याची ती पहिली खूण आहे. कार्यशाळेतील अष्टकोनी सज्जा छतापासून साखळ्यांनी पेललेला आहे, तोही चुकवू नये. याच कार्यशाळेत काम केलेले वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी पुढे ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा या राजधानीचा आराखडा केला आणि १९३७ मध्ये त्यांचे निधन आपल्या लखनौमध्ये झाले, हे येथे येणाऱ्या भारतीयांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

घरातून बाहेर पडल्यावर फॉरेस्ट अव्हेन्यूवरून रमतगमत चालावे. आर्थर हर्टली यांच्यासाठी १९०२ मध्ये बांधलेले विटांचे घर तेथे आहे. त्याच्या भिंतीत विटांचे थर आलटून पालटून पुढे काढलेले असल्यामुळे सपाट माळरानाशी, म्हणजे प्रेअरीशी, नाते सांगणाऱ्या राइट यांच्या ‘प्रेअरी शैली’तील आडव्या रेषा उन्हात ठळक उठून दिसतात. मात्र या घरांत आजही कुटुंबे राहतात, त्यामुळे पदपथावरूनच पाहणे योग्य. एरवी बंद असलेली काही घरे वर्षातून एका दिवशी, बहुधा मे महिन्यात, तिकीट काढून आतून पाहता येतात. आपला मुक्काम त्या सुमारास असेल, तर चौकशी जरूर करावी.

दुपारनंतर युनिटी टेंपल पाहावे. माझ्या मते तिन्हींत हीच वास्तू श्रेष्ठ आहे. जुने चर्च १९०५ मध्ये वीज पडून जळाले आणि मंडळींकडे पैसा बेताचा होता, म्हणून राइट यांनी त्या काळी गोदामांना व कारखान्यांना शोभणारे काँक्रीट प्रार्थनागृहासाठी निवडले. सभागृह चौरस ठेवले, त्यामुळे तेच साचे पुन्हा पुन्हा वापरता आले. रस्त्यावरून पाहिले तर दार कुठे आहे हेच कळत नाही. ते बाजूला आहे. लेक स्ट्रीटवरील ट्रामचा गोंगाट आत येऊ नये म्हणून खालच्या भिंती बंद असून उजेड वरच्या खिडक्यांतून आणि छतातील पिवळसर काचांतून येतो. आत शिरल्यावर ठेंगण्या, अंधाऱ्या मार्गिकेतून काही पायऱ्या चढून सभागृहात यावे लागते. परतीची दारे मात्र व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे उपासना संपल्यावर कोणीही धर्मोपदेशकाकडे पाठ फिरवून बाहेर पडत नाही. मार्गदर्शकाचे बोलणे संपल्यानंतर शक्य तितका वेळ तेथे बसून राहावे.

दुसऱ्या दिवशी हाइड पार्कमधील रॉबी हाउस. मेट्रा इलेक्ट्रिकच्या गाडीने ५९व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून चालत जाता येते. १९१० मध्ये पूर्ण झालेल्या या घरात पोलादी तुळयांच्या आधारावर छप्पर पश्चिमेकडे सुमारे २० फूट अधांतरी पुढे आले आहे. विटा लांब आणि पातळ आहेत. त्यांच्यामधील उभे सांधे विटेच्याच रंगाने भरले आणि आडवे सांधे खोल ठेवले, त्यामुळे भिंत पट्ट्यापट्ट्यांची भासते. या वास्तूवर दोनदा पाडकामाचे संकट आले. दुसऱ्या वेळी, १९५७ मध्ये, नव्वदीला टेकलेले राइट स्वतः विरोध करण्यासाठी येथे आले होते. आता ही वास्तू व युनिटी टेंपल या दोन्हींचा २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश आहे.

फॉलिंगवॉटरचा विचार या खेपेला सोडून द्यावा. ते पेनसिल्व्हेनियात, येथून साडेसातशे किलोमीटरहून दूर आहे. एखादा दिवस वाढलाच, तर त्याऐवजी मोटारीने विस्कॉन्सिनमधील रसीनला जावे. तेथील १९३९ मध्ये पूर्ण झालेले जॉन्सन कंपनीचे कार्यालय प्रेअरी शैलीतील नसले, तरी पाहण्यासारखे आहे. त्याच्या तळाशी केवळ ९ इंच रुंद असलेल्या खांबांवर अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा १२ टनांची अट असताना राइट यांनी चाचणीच्या खांबावर ६० टन वजन चढवून दाखवले. विस्कॉन्सिनमध्येच आणखी आत राइट यांचे टॅलिएसिन हे निवासस्थान आहे. मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले आणि पुढे लोणावळा-अलिबाग भागात दगड-विटांची विलक्षण घरे बांधणारे नारी गांधी हे राइट यांच्या टॅलिएसिनमधील शिष्यांपैकी होते; ती घरे आपल्या पाहण्यात असतील, तर रॉबी हाउसमध्ये ओळखीच्या खुणा दिसतील. टॅलिएसिन हिवाळ्यात बंद असते आणि एका दिवसात जाऊन येणे दमवणारे आहे.

तिन्ही ठिकाणी गट लहान असतात, म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच ऑनलाइन तिकिटे काढावीत आणि कोणती वास्तू कोणत्या वारी बंद असते हे तेव्हाच पाहून दिवस ठरवावेत. घरांमध्ये जिने अरुंद आहेत. सोबत कोणाला गुडघ्यांचा त्रास असेल, तर तिकीट काढतानाच तसे कळवून काय सोय आहे ते विचारून घ्यावे.