मुलगा गोष्ट ऐकतच नाही, नुसती पानं उलटतो

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांच्या आया माझ्याकडे येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते: "पुस्तक वाचायला घेतलं की दोन ओळींत उठून पळतो. लक्षच लागत नाही. पुढे शाळेत कसं होणार?" हल्ली त्याला आणखी एक जोड असते. आईने मोबाइलवर कुठेतरी अतिचंचलतेबद्दल (एडीएचडी) वाचलेलं असतं आणि ती आधीच घाबरून आलेली असते.

डिचोलीजवळच्या एका गावातून आलेली ही आईही तशीच घाबरलेली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बँकेत नोकरी, घरी सासू-सासरे, मुलगा साडेतीन वर्षांचा. तो दिवसभर बडबडतो, नीट जेवतो, शेजारच्या मुलांत रमतो. मग बिनसतं कुठे, असं विचारल्यावर पुस्तकाचा विषय निघाला. ती लहान असताना तिच्या बाबांनी पणजीहून एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. घरची वाट चुकलेल्या बदकाच्या पिल्लाची गोष्ट. लग्नानंतर ते पुस्तक दागिन्यांच्या डब्यासोबत सासरच्या कपाटात आलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून चतुर्थीच्या आधी साफसफाई निघाली की ती ते पान न् पान उन्हात धरायची. मुलगा मोठा झाला की त्याला वाचून दाखवायचं, हे तिने कधीच ठरवून ठेवलं होतं.

"आणि त्याला ते आवडतच नाही," असं म्हणताना तिचा आवाज फुटला.

मी तिला पुढच्या वेळी पुस्तक आणि मुलगा दोघांनाही घेऊन यायला सांगितलं. दोघं चटईवर बसली. ती वाचते सुरेख. पिल्लाचा आवाज वेगळा, म्हाताऱ्या बदकिणीचा वेगळा. दुसऱ्याच पानावर मुलाने चित्राच्या कोपऱ्यात बोट दाबलं आणि ओरडला, "पोदेर!" गोव्यात सायकलवरून घरोघर पाव विकणाऱ्याला पोदेर म्हणतात. तिथे खरंच एक माणूस होता, नखाएवढा, सायकलवर, मागे मोठी टोपली. आई म्हणाली, "हो हो, पण आधी ऐक ना, पिल्लू काय म्हणालं..." मुलाने पान उलटलं. पुढच्या चित्रात तो माणूस पुलापलीकडे होता, अर्धा झाडाआड. मुलाने तोही शोधला. मग मागचं पान काढून खात्री केली, परत पुढे आला. तेवढ्यात आईने पुस्तक उचलून उंच धरलं, कारण गोष्ट अर्धवट राहत होती. मुलगा उठला आणि खिडकीशी गेला.

"बघितलंत?" ती म्हणाली.

मी बघितलं ते असं होतं: एका अनोळखी खोलीत, परक्या बाईसमोर, हा मुलगा दोन चित्रांमधून एकच बारीक आकृती शोधत होता, ताडून बघत होता. लक्ष न लागणाऱ्या मुलाला हे जमत नाही. चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्रकार त्यांच्या शेजारी दुसरंच काही मांडून ठेवतो. वाचता येणाऱ्या माणसाचे डोळे ओळींवर जातात. न येणाऱ्याचे चित्रावर. आम्ही तिघांनी पुन्हा पानं चाळली, तेव्हा तो सायकलवाला शेवटच्या चित्रात पिल्लाच्या दारात पोचलेला दिसला. "इतकी वर्षं हे पुस्तक माझं पाठ आहे, पण हा माणूस मला कधी दिसलाच नव्हता," ती म्हणाली.

अतिचंचलतेबद्दल तिला स्पष्ट सांगितलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची या निदानासाठीची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. या वयाचं मूल काही मिनिटांत उठतं, परत येतं, पुन्हा उठतं. मात्र दोन वर्षांचं होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागलं असेल, तर पुस्तकाचा विचार बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं आणि कान तपासून घ्यावेत. हिच्या मुलात यातलं काहीच नव्हतं.

खरं बोलणं त्यानंतर झालं. तिचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. ते ज्या लयीत वाचायचे त्याच लयीत तिला वाचायचं होतं, आणि मुलगा मध्ये बोलला की तिला बाबांनाच कुणी थांबवल्यासारखं वाटत होतं. आपलं आवडतं पुस्तक मुलाच्या हाती देणाऱ्या कितीतरी आईबापांच्या मनात असं कुणीतरी असतं, असं मला वाटतं. हे दुःख आहे आणि त्याला जागा हवी. पण ते साडेतीन वर्षांच्या पोराने गप्प बसून सांभाळावं, ही अपेक्षा त्याला पेलणारी नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जुनं पुस्तक तिचं. ते कपाटात राहील, आणि आजोबांच्या आठवणी सांगताना दोघं मिळून ते उघडतील. पुस्तक अजून छापलं जातं हे कळल्यावर तिने मुलासाठी नवी प्रत घेतली. ती त्याने चुरगळावी, उलटी धरावी, शेवटापासून सुरू करावी. पान फाटलंच तर दोघांनी बसून चिकटपट्टी लावायची, ओरडायचं नाही. पातळ कागद उलटायला त्या बोटांना वेळ लागतोच.

वाचण्याची रीतही बदलली. आधी चित्र त्याच्यापुढे ठेवायचं आणि थांबायचं. तो "पोदेर" म्हणाला की आपण म्हणायचं, "हो, पोदेर पाव घेऊन पुलावरून चाललाय. कुणाकडे चालला असेल?" आणि परत थांबायचं. उत्तर आलं नाही तरी चालेल. "हा कुठला रंग? ही किती बदकं?" अशी परीक्षा घ्यायची नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना असंच मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं वाक्य वाढवायला शिकवलं होतं. त्यांचा तो अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या गटातले आईवडीलही तितक्याच वेळा वाचत होते, फक्त नेहमीसारखं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली.

काही आठवड्यांनी ती आली ती नवीच काळजी घेऊन. आता तो रोज रात्री तेच पुस्तक मागतो, एक शब्द गाळला तरी पकडतो आणि दुसरं काही ऐकतच नाही. सासूबाई म्हणतात, याला वेड लागलंय.

हे मात्र अगदी निर्धास्तपणे चालू द्या, असं मी सांगितलं. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काही मुलांनी त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकल्या, काहींनी दरवेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते, पण ते लक्षात राहिले तेच पुस्तक ऐकणाऱ्यांच्या. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या मुलाला शब्दाकडे लक्ष द्यायला सवड मिळते.

नवी पुस्तकं सासूबाईंच्या खाटेजवळ, त्याचा हात पोचेल अशी ठेवायची आणि "हे वाचूया का" असं विचारायचंही नाही, असं आमचं ठरलं. विकत घ्यायलाच हवीत असं नाही. तालुक्याचं सरकारी ग्रंथालय आहे, आणि पणजीला जाणं झालं तर पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. तिथे त्याला घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, असं सांगितल्यावर तिने विचारलं, "आणि त्याने ट्रकचं पुस्तक उचललं तर?"

"तर ट्रकचं वाचा," मी म्हटलं.