आर. आर. पाटील म्हणजे आबा, नेमके काय काय मंत्री होते?

आबा म्हटलं की लोकांना फक्त डान्सबार आठवतात, पण माझ्या मते त्यांचं खरं काम ग्रामविकास खात्यातलं. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचे, कमवा आणि शिका करत शिकलेले, आधी सांगली जिल्हा परिषदेत सावळजचे मेंबर, मग १९९० ला तासगावातून आमदार आणि तिथून शेवटपर्यंत एकदाही पडले नाहीत, सलग सहा टर्म.

१९९९ ला राष्ट्रवादीकडून ग्रामविकासमंत्री झाले आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं. तपासणीची कमिटी येणार म्हटलं की अख्खा गाव पहाटेच झाडू घेऊन बाहेर, गटारी साफ, भिंतींवर म्हणी रंगवलेल्या, उकिरडे गायब (कमिटी गेल्यावर काही ठिकाणी परत जागेवर, ते सोडा).

पुढे गृहमंत्री, २००४ ला उपमुख्यमंत्रीपण. २००५ ला डान्सबार बंदी, जी नंतर कोर्टात टिकली नाही. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम, भांडणं गावातच मिटवायची. २६/११ नंतर मात्र मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात असं काहीतरी हिंदीत बोलून गेले आणि खुर्ची गेली. चुकलंच ते, पण २००९ ला परत गृहखातंच मिळालं आणि २०१४ पर्यंत राहिलं.

१६ फेब्रुवारी २०१५ ला कॅन्सरने गेले, वय फक्त ५७. पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई निवडून आल्या, आता २०२४ पासून मुलगा रोहित आमदार आहे.