मेंदूज्वराचा जंतू कुणी आणला, हे जनुकीय तपासणीतून कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाच्या वसतिगृहात एका मुलाला मेंदूज्वर झाला, नऊ दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्याला. आता सगळे पहिल्याकडे बोट दाखवतायत, 'यानेच आणला'. जंतूची जनुकीय तपासणी केली तर ते सिद्ध होईल का?

दोघांचे जंतू वेगळे असतील तर ते छातीठोकपणे सांगता येतं. एकच असेल तर तेही बऱ्यापैकी खात्रीने. कुणी कुणाला दिला, हे मात्र नाही. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायचं काम करतोय. जनुकं वाचायचं यंत्र आमच्याकडे नाही, पण त्या यंत्रात जे जातं ते आमच्यासारख्यांच्या टेबलावरूनच जातं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे जपानी एन्सेफलायटिस, चंडीपुरा, सगळ्यालाच मेंदूज्वर म्हणतात. ते विषाणू. वसतिगृहात, बराकीत, यात्रेच्या गर्दीत पसरतो तो बहुधा मेनिंगोकॉकस हा जीवाणू, आणि तुमचं वर्णन त्याचंच वाटतं. त्याच्यावरच्या वेष्टनावरून गट पाडतात: ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय हे सहा जास्त त्रासदायक. पण दोघांचा गट एकच निघाला यावरून फार काही ठरत नाही. दोघांचं आडनाव जाधव निघालं, एवढंच.

पुढचं समजायला चादरीचा कारखाना उपयोगी पडेल. माझे वडील जकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर होते. नक्षी असते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांत. कार्डांची माळ मागावर फिरते, भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. एखाद्या कार्डात चुकून जास्तीचं भोक पडलं की त्या माळेवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत मोराच्या मानेवर तोच ठिपका. माळेची नक्कल मारली तर नकलेतही तो येतोच. पूर्व भागातल्या दुकानात वडील चादर उलगडायचे, ठिपक्यावर बोट ठेवायचे आणि कारखाना सांगायचे. दुकानदाराला ते अजिबात आवडायचं नाही.

मेनिंगोकॉकसची माळ, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, साधारण २२ लाख अक्षरांची आहे. दुभंगताना कधीमधी एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. १९९८ पासून रूढ झालेल्या पद्धतीत सात जनुकांचे ठरलेले तुकडे वाचतात आणि त्यांच्या जुळणीला एक क्रमांक देतात, उदाहरणार्थ एसटी-११. जगभरच्या प्रयोगशाळा असे क्रमांक ऑक्सफर्डच्या 'पबएमएलएसटी' या खुल्या नोंदवहीत पडताळतात. पण सातही तुकडे मिळून होतात जेमतेम सव्वातीन हजार अक्षरं. मोराचे डोळे तेवढे बघायचे आणि चादर ओळखायची, असा प्रकार.

तो कुठे फसतो बघा. २००० साली हजहून परतलेल्यांमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्ये डब्ल्यू गटाची साथ उठली. (आपल्याकडचे हज यात्रेकरू आज चार गटांवरची लस टोचूनच निघतात.) पुढे २००९ पासून इंग्लंडात डब्ल्यूचे रुग्ण वाढायला लागले. सात जनुकांवर दोन्ही एसटी-११ च्याच कुळातले, म्हणजे कुणालाही वाटावं की हजचाच जंतू परत आला. अख्खी माळ वाचली तेव्हा इंग्लंडातला जंतू निघाला दक्षिण अमेरिकेतल्या जंतूचा सख्खा भाऊबंद. हजवाल्यांचा काही संबंध नव्हता. इंग्लंडने २०१५ मध्ये किशोरवयीनांना चार गटांची लस द्यायला सुरुवात केली.

शिवाय हा जंतू दुसऱ्याच्या माळेतली कार्डं सोडवून स्वतःच्या माळेत बांधून घेतो. आफ्रिकेत २०१० पासून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ए गटाची लस दिली, तिथला ए जवळजवळ नाहीसा झाला. मग २०१३ मध्ये नायजेरियात सी गटाचा एक नवाच वाण उपटला. जनुकं वाचल्यावर कळलं, की घशात गुपचूप राहणाऱ्या निरुपद्रवी वाणाने सी च्या वेष्टनाची जनुकं उचलली होती. पाच गटांवरची पुढची लसही पुण्याचीच; २०२४ मध्ये ती सर्वात आधी नायजेरियानेच वापरली.

पण हे सगळं सुरू होतं एका छोट्या नळीतल्या, रुग्णाच्या मणक्यातून सुईने काढलेल्या पाठीच्या पाण्यापासून. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून आमच्याकडे अशी नळी आली, बर्फाच्या डब्यात! मे महिना, बाहेर ४३ अंश. पाठवणाऱ्याने काळजीनेच केलं होतं, पण हा जंतू थंडीत मरतो. चॉकलेट अगारवर (रक्त तापवून केलेलं तपकिरी माध्यम, चॉकलेटचा कणही नसतो) दोन दिवसांनीही काही उगवलं नाही. मेलेल्या जंतूवरून पीसीआरने गट कळू शकतो. अख्खी माळ नीट वाचायची तर वाढलेला जंतू हवा. त्या केसचा माग तिथेच संपला.

आता तुमच्या वसतिगृहाकडे. समजा दोन्ही मुलांचे जंतू अक्षरन् अक्षर जुळले. तरी साधारण दहातल्या एका माणसाच्या घशात मेनिंगोकॉकस असतो आणि त्याला काही होत नाही, हे लक्षात घ्या. दोघांनाही तो तिसऱ्याकडूनच मिळाला असेल. मेसमध्ये समोर बसून शेंगाचटणी-भाकरी खाणारा, साधी सर्दीही नसलेला कुणीतरी. आधी आजारी पडला म्हणजे जंतू आधी त्याच्याकडे होता, असं नसतं. जंतू घशात आल्यापासून आजार दिसेपर्यंत दोनापासून दहा दिवस जाऊ शकतात. त्यामुळे पहिल्या मुलावर खापर फोडायला तो अहवाल कामाचा नाही.

जनुकीय अहवाल यायला आठवडे लागतात. तो येईपर्यंत कुणी थांबत नाही, थांबूही नये. जवळच्या संपर्कातल्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा रिफाम्पिसिन शक्यतो २४ तासांत दिलं जातं. भावाला ते मिळालं का, हे आजच फोन करून विचारा. मिळालं नसेल तर वॉर्डनला सांगून लगेच डॉक्टरांकडे पाठवा. आणि ताप, मान अखडणं, अंगावर दाबूनही न जाणारे लालसर-जांभळे ठिपके यातलं काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात, रात्र असली तरी.