उपग्रह दीर्घिका की उपदीर्घिका?

प्रश्न असा आला आहे: ‘सॅटेलाइट गॅलेक्सी’साठी, म्हणजे मोठ्या गॅलेक्सीच्या ओढीत सापडलेल्या दुसऱ्या गॅलेक्सीसाठी, एका लेखात ‘उपग्रह दीर्घिका’ लिहिलं, तर तपासणाऱ्याने पानाच्या समासात विचारलं, “यात ग्रह कुठून आला?” मग काय लिहावं?

आधी एक, ‘गॅलेक्सी’ला, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाला, ‘दीर्घिका’ लिहिलंत हे उत्तम. सगळ्यांनाच आकाशगंगा म्हणायची खोड अजून जात नाही; आकाशगंगा हे आपल्या एका दीर्घिकेचं नाव.

तपासणाऱ्याची शंका रास्त आहे. ‘सॅटेलाइट’मध्ये मुळात ग्रह नाहीच. लॅटिन ‘सॅटेलेस’ म्हणजे अंगरक्षक, हुजऱ्या. केप्लरने १६११ साली गुरूच्या चंद्रांसाठी तो शब्द वापरला. आपण ग्रहाभोवती फिरणारा म्हणून ‘उपग्रह’ केला, आणि तिथे तो चपखल बसला. पण दीर्घिकेला जोडला की कानाला ‘उपग्रह वाहिनी’ची आठवण होते, जणू उपग्रहाद्वारे चालणारी दीर्घिका!

‘अनुचर दीर्घिका’ मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाते. ती चूक नाही. तरी माझं मत ‘उपदीर्घिका’ला, आणि ते ‘उपनदी’मुळे.

कन्या राशीतला दीर्घिकागुच्छ घ्या. सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून जास्त दीर्घिका, आणि मध्यभागी एम८७. (२०१९ साली कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं ते हिच्याच पोटातलं.) भोवतालच्या दीर्घिका चंद्रासारख्या ठरलेल्या वाटेने गोल फिरत नाहीत. त्या लांबट कक्षांतून आत झेपावतात, पलीकडे निघून जातात, पुन्हा ओढल्या जातात. ओढही एकट्या एम८७ची नव्हे, सगळ्या गुच्छातल्या कृष्णद्रव्याची, म्हणजे दिसत नाही पण ओढ लावतं अशा पदार्थाची. गुच्छभर पसरलेल्या तप्त वायूतून जाताना त्यांचा स्वतःचा वायू सोलून निघतो. आयसी ३४१८ नावाच्या छोट्या दीर्घिकेमागे अशीच एक शेपटी दिसते. वायू आणि कोवळे निळे तारे शेपटीत, मूळ दीर्घिकेत मात्र नवे तारे बनणं थांबलेलं. काही दीर्घिकांची गती हळूहळू मंदावते आणि शेवटी त्या मधल्या दीर्घिकेत विरून जातात. मधल्या महाकाय दीर्घिका बऱ्याच अंशी अशाच पोसल्या आहेत.

उपग्रह म्हटलं की नुसतं फिरत राहणं डोळ्यांपुढे येतं. उपनदी मात्र येऊन मिळते. सगळ्याच उपदीर्घिका मिळतात असं नाही, पण चित्र त्या बाजूचं आहे. शिवाय संस्कृतात ‘दीर्घिका’ म्हणजे लांबट तळं, तेव्हा पाण्याचं नातं आधीपासूनच आहे.

कोणी म्हणेल, ‘उप’ने ती लहान वाटते. इथे जरा अडतं खरं. याच गुच्छातली एम४९ ही दीर्घिका एम८७हून तेजस्वी आहे, तरी गुच्छाचं केंद्र एम८७. पण भीमा आठशे किलोमीटरहून लांब वाहते आणि तरीही कृष्णेची उपनदीच असते. ‘उप’ आकार सांगत नाही, कोण कोणाकडे जातंय ते सांगतो. आकारच सांगायचा तर ‘खुजी दीर्घिका’ म्हणा, ती वेगळी संज्ञा आहे.

‘सहचर’ मात्र टाळा. तो शेजारी जोडीने दिसणाऱ्या दीर्घिकेसाठी राखून ठेवलेला बरा.

लेखात पहिल्यांदा ‘मोठ्या दीर्घिकेच्या ओढीतली उपदीर्घिका’ असं लिहा, पुढे नुसतं ‘उपदीर्घिका’ चालेल. तेवढ्यावर तपासणाऱ्याचा समास कोरा राहील.